चुलीखालची भेग

“मंजे हे आधीबी झालं होतं?” अप्पांनी विचारलं.

“झालं होतं,” संगमेश म्हणाला. “याच जागी.”

“आन् तुला ते मातीवरनं कळलं?”

“मातीवरूनच. दुसरं कोण सांगणार, अप्पा?”

अप्पा खड्ड्याच्या काठावर उभे होते, काठीवर भार टाकून. करजहाळच्या मठाचे ते स्वामी. वय ऐंशीच्या पुढं. भूकंपात गाव पडलं तेव्हा मठही पडला. ढिगाऱ्यातून अप्पांना लोकांनी जिवंत काढलं. का काढलं, असं ते पुढं कित्येक वर्षं विचारत.

संगमेश मुळजे त्या वेळी लहान होता आणि मामाच्या गावी होता, म्हणून वाचला. आई, बाप, पाळण्यातली बहीण... तिघंही दगडी भिंतींखाली गेली. अप्पांनी त्याला मठाच्या पत्र्याच्या शेडात वाढवलं, शाळेत घातलं. पुढं तो भूगर्भशास्त्र शिकला. जमीन जिथं फाटते तिथं खड्डा घ्यायचा आणि जुन्या भूकंपांच्या खुणा शोधायच्या, हे त्याचं काम. हिमालयात त्यानं नाव काढलं. आता तो आपल्याच पडक्या गावात खड्डा घेऊन बसला होता.

खड्डा दोन पुरुष खोल होता. एक भिंत तासून गुळगुळीत केलेली. तिच्यावर सुतळीचे चौकोन, खिळ्यांना लावलेल्या चिठ्ठ्या. संगमेश शिडीनं भराभर खाली उतरला आणि थापीच्या टोकानं दाखवू लागला.

“हा वरचा थर आपला. आपली पांढर, वस्तीची माती. त्याच्याखाली काळी माती, तेव्हा इथं वस्ती नव्हती. आणि तिच्याखाली बघा... पुन्हा पांढर.”

“मंजे गाव?”

“गाव. राख, खापरं, हाडं. कोळसा तपासून आणलाय. दीड हजार वर्षं तरी झाली असतील.”

अप्पा खाली वाकून बघू लागले.

“आता ही भेग. खालून तिरकी वर आलीय. आपल्या थरात ती चार बोटं सरकलीय. खालच्या पांढरीत हातभर. यातली चार बोटं आपल्या वेळची. राहिलेली सगळी त्या लोकांच्या वेळची.”

“हं...”

“आणि हे बघा!” संगमेशचा आवाज चढला. “ही चूल. भेग बरोबर हिच्याखालून गेली. चुलीचं तोंड इथं खाली राहिलं, आणि मागचा वैल, दुसरं भांडं ठेवायचा, हातभर वर गेला. असा पुरावा जगात फार थोड्यांच्या हाती लागलाय, अप्पा. हा मी शोधलाय.”

तो हसला.

अप्पा हसले नाहीत.

“त्या गावाचं नाव काय होतं?”

“ते कसं कळणार?”

“कोन कोन वाचलं?”

“तेही नाही कळत.”

“वाचलेलं कुटं गेलं?”

संगमेशनं थापी भिंतीला टेकवून ठेवली.

“अप्पा, मी तुम्हाला हे दाखवायला एवढ्यासाठी आणलं, की सोमवारी तुम्ही इथं पाया घालू नका.”

भूकंपानंतर सरकारनं गाव लांबच्या माळावर वसवलं होतं. तिथून शेतं लांब, नदी लांब. माणसं कंटाळली. एकेक करून जुन्या जागी परत येऊ लागली, पडलेल्या घरांचे दगड वेचून पुन्हा भिंती रचू लागली. आता त्यांना मठ हवा होता. होता तिथंच, होता तसाच, दगडी. सोमवारी अप्पांच्या हातून पहिला दगड बसायचा होता.

संगमेशनं आदल्या दिवशी सगळ्यांना पिंपळाखाली गोळा केलं होतं. जमीन कशी फाटते ते काठीनं धुळीत काढून दाखवलं होतं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्याला चहा दिला.

मग नागम्मानं विचारलं, “कवा हुईल रे परत?”

“ते सांगता येत नाही, मावशी. कुणालाच.”

“मंग तवर राहून घेतो की, बाळा,” नागम्मा म्हणाली आणि पदर झटकून उठली. तिच्यामागं बाकीचेही उठले.

आता अप्पांनीही तेच विचारलं. “कवा हुईल?”

“तुम्हीसुद्धा?”

“मी न्हाई. मी सांगाया गेलो की ते मला इचारतील.”

संगमेशनं तोंडावरून हात फिरवला.

“उद्या होईल. नाहीतर हजार वर्षांनी होईल.”

“आन् मदी?”

“मध्ये...”

वरून थोडी माती सुटून त्याच्या खांद्यावर पडली. त्यानं ती झटकली नाही.

“मध्ये असंच असतं,” शेवटी तो म्हणाला. “माणसं राहतात.”

पलीकडं कुणाच्यातरी घराचं काम चाललं होतं. दगडावर हातोडा पडत होता.

“ऐकताय ना, अप्पा?” संगमेश एकदम बोलू लागला. “त्या वर्षी बारीक बारीक हादरे येत होते म्हणे. मामा सांगायचा. लोक काही दिवस शेतात निजले, मग पाऊस लागला आणि परत घरात गेले. का गेले? दगडामातीच्या त्या भिंती, डोक्यावर मातीचं माळवद... आणि माझी आई पाळणा घेऊन परत आत गेली! एकानं... गावातल्या एकानं जरी अडवून सांगितलं असतं, की आत निजू नका... एवढं एकच वाक्य, अप्पा! मी हे सगळं शिकलो ते त्याच्यासाठी. पुढच्या खेपेला सांगणारं कुणीतरी असावं म्हणून.”

अप्पांनी काठी काठावर ठेवली आणि शिडीवर पाय टाकला.

संगमेश धरायला पुढं झाला. त्यांनी नुसत्या हातानंच त्याला मागं सारलं.

ते एकेक पायरी चाचपत खाली आले. चुलीपुढं बसले. तिथं खिळ्याला चिठ्ठी होती. हात लावायचा नाही, असं संगमेश सगळ्यांना बजावत असे.

अप्पांनी चुलीत बोटं घातली. चिमूटभर राख काढली. ती दमट होती, काळपट. तळहातावर चोळून त्यांनी ती तीन बोटांनी कपाळाला लावली, रोज सकाळी विभूती लावत तशी.

मग संगमेशला जवळ ओढून त्याच्याही कपाळाला लावली.

आणि मग त्यांनी आपलं कपाळ त्या भिंतीला टेकवलं, सुतळीच्या चौकोनांत, बरोबर भेगेवर. त्यांची पाठ हलत होती. संगमेशला आधी वाटलं, धाप लागली. नंतर कळलं.

इतक्या वर्षांत त्यानं अप्पांना रडताना पाहिलं नव्हतं. मेलेल्यांना मूठमाती द्यायलाही माणसं उरली नव्हती, सगळ्यांना एकत्र जाळावं लागलं होतं. त्याही दिवशी अप्पा रडले नव्हते, असं लोक सांगत.

तो त्यांच्याशेजारी खाली बसला.

“अप्पा...”

अप्पांनी कपाळ भिंतीवरून उचललं.

“अप्पा, सोमवारी सांगाल ना त्यांना? तुम्ही सांगितलंत तर ऐकतील. तुमचा शब्द या गावात कुणी मोडत नाही.”

अप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले. राख गालावर ओघळली होती, ती तशीच राहिली.

“सांगीन,” ते म्हणाले. “तुज्या बापालाबी सांगितलं होतं, आत निजू नगंस म्हून... तसंच सांगीन.”