ठकाईचं खिंडार

मंडळी, इथं थांबा जरा. मोठ्यानं बोलू नका. समोरची उतरण बघा, नुसता उघडा दगड. आणि आपल्या डोक्यावरची ही बाजू सालईच्या झाडांनी भरलेली. ऊन दोन्हीकडं तेच, पाऊसही तोच, चार सरींचा. माती म्हणाल तर कुठंच नाही. सालई खडकाच्या फटीत मुळं घालते, मग तिच्या आडोशाला गवत धरतं, बोराटी धरते. पूर्वी या घळीच्या दोन्ही अंगांना असंच रान होतं, असं सांगतात.

गडावर तोफा ओतायचं काम निघालं, तेव्हा कोळशासाठी समोरची बाजू तोडली. त्याच पावसाळ्यात तो उतार खाली आला. पायथ्याला मेंढ्या राखणाऱ्या ठेलाऱ्यांची पालं होती. मेंढरांसकट माणसं गेली. एकटी ठकाई वाचली. ती पाण्याला झऱ्यावर गेली होती म्हणे. मग ती या बाजूच्या वस्तीत राहिली. पण आभाळ भरलं की तिला घरात बसवत नसे. बाहेर येऊन वर बघत उभी राहायची.

पुढच्या वर्षी गडावरचा राघोजी हवालदार तोडीला माणसं घेऊन या बाजूला आला. वस्तीनं हातापाया पडून पाहिलं. नाही म्हणावं तर गडावरचे स्वार घरं जाळणार, हो म्हणावं तर डोंगर अंगावर येणार. सकाळी कुऱ्हाडी चालल्या. वर एके ठिकाणची झाडं पडली, खिंडार दिसू लागलं. दुपारी ढग आले, तसे तोडणारे घाईनं खाली उतरले.

ठकाई हवालदारापुढं गेली. "दादा, एवढी एक सर इथं बसून काढा. मग सगळं तोडा, मी आडवी येणार नाही."

"मला भीती दाखवतेस?"

"मलाच वाटते भीती. म्हणून सोबत बसते."

माणसांदेखत मागं हटणं त्याला जमेना. तो बसू लागला, तशी तिनं त्याला दंडाला धरून बाजूला नेलं. "तिथं नको, इथं बसा." आणि त्यानं सोडलेल्या जागी ती बसली.

पाऊस आला. आधी वाळू सरकल्यासारखा आवाज, मग खडे, मग धोंडे. धोंडा सुटायचा, सालईच्या बुंध्यावर आदळून थांबायचा. झाड थरथरायचं, हवालदाराच्या अंगावर पानं गळायची. तो उठू लागला.

"बसा," ठकाई म्हणाली, "तुमच्यावर झाडं आहेत."

त्यानंतर ती बोलली नाही. खिंडारातून सुटलेल्या धोंड्याला वाटेत अडवायला काहीच नव्हतं.

सर ओसरल्यावर राघोजीनं वर पाहिलं, मग तिच्या जागेकडं पाहिलं. तिनं आपल्याला का हलवलं, ते त्याला तेव्हा कळलं. त्यानं एक दगड उचलला, चढून खिंडारात ठेवला आणि तसाच गडाकडं गेला. किल्लेदारानं त्याचं काय केलं, कुणी सांगत नाही. तोडायला मात्र परत कुणी आलं नाही.

आजही वळवाच्या आधी वस्तीतलं प्रत्येक माणूस एकेक दगड वर नेऊन तिथं बांध घालतं. सालईची फांदीही रोवतात. कधी जगते, बहुतेकदा नाही. खिंडार अजून बुजलेलं नाही. म्हणून पाहुण्यांनी झाडांखालून चढायचं आणि खिंडाराच्या उघड्या बाजूनं वस्तीतल्या माझ्यासारख्या म्हाताऱ्यानं चालायचं, अशी इथली रीत आहे.

आभाळ भरतंय. चला, तुम्ही तिकडून व्हा.