घुशीचं मागचं दार

बाळांनो, जंगल संपून डोंगर सुरू होतो तिथे एक तळं होतं, आणि त्या तळ्याच्या मातीच्या बांधात एक घूस राहत असे. घूस म्हटल्यावर लगेच नाकं मुरडू नका! दिसायला ती उंदराच्या थोरल्या बहिणीसारखी असेल, पण घर करावं तर तिनेच. आधी तीही इतरांसारखी बांधाखालच्या कुरणातच राहायची. एका पावसाळ्यात तिचं बीळ पाण्याने भरलं, साठवलेलं धान्य कुजलं, आणि तिने कानाला खडा लावला. उठली ती थेट वर बांधात राहायला गेली. तिथे तिने निजायची खोली कोरली, धान्याचं कोठार कोरलं आणि कुरणाच्या बाजूला ऐसपैस दार ठेवलं. कितीही पाऊस पडो, आत थेंब म्हणून येत नसे.

"घर असावं तर आमच्या घूसताईसारखं," कुरणातली सशीण येता-जाता म्हणायची. ते ऐकून घुशीच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

आता एक गोष्ट नीट ऐका, म्हणजे पुढे मला सारखं मध्येच विचारणार नाही. बिळात राहणाऱ्या प्रत्येकाला एक मागचं दार असतं. साप पुढून शिरला तर मागून पळता यावं, म्हणून. ते दार कुठे आहे हे कुणी कुणाला सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. विचारणं म्हणजे अगदी आगाऊपणा. घुशीनेही असं दार काढलं होतं. ते निघत होतं बांधाच्या दुसऱ्या अंगाला, तळ्याच्या बाजूला, करंजाच्या मुळांखाली. तिने ते कोरलं तेव्हा उन्हाळा होता आणि पाणी पार खाली गेलं होतं. त्यात काही चुकतंय असं तिच्या मनातही आलं नाही.

पुढे भाद्रपदात पाऊस जो सुरू झाला तो थांबायचं नावच घेईना. कुरणामागचा ओढा फुगला आणि पलीकडे जायची वाट बंद झाली. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला बांध, आणि मध्ये सगळ्यांची बिऱ्हाडं! तळं चढत चढत करंजाच्या मुळांच्याही वर गेलं. दुपारी बांधाच्या पायथ्याशी पाणी पाझरू लागलं.

"पाझर काय, दर वर्षीच असतो," सशीण म्हणाली खरी, पण तिचं लक्ष गवतात दडवलेल्या तीन पिल्लांकडे होतं. त्यांना अजून धड उडीसुद्धा मारता येत नव्हती.

"दर वर्षी नितळ असतो. हा बघ, गढूळ आहे!" साळिंदर ओरडलं. कुरणात त्याचाच आवाज सगळ्यात मोठा. "आतून माती वाहून चाललीय. बांध फुटला तर आपल्यातलं कुणी उरायचं नाही. चला, हात लावा!"

सगळे धावले. कुणी दगड आणले, कुणी चिखल, कुणी गवताचे गड्डे. एक पाझर बुजवावा, तर वीतभर अंतरावर दुसरा फुटायचा. तेवढ्यात तळ्यात राहणारं पाणमांजर धापा टाकत बांधावर आलं.

"अरे, बाहेरून लिंपून काय होणार? पाणी शिरतंय तळ्याच्या अंगाने. तिकडचं तोंड बुजवायला हवं. मी केव्हाचा बुड्या मारतोय, पण पाणी इतकं गढूळलंय की काही म्हणता काही दिसत नाही. कुणाचं मागचं दार तिकडे असेल तर सांगा. लाज धरू नका रे बाबांनो!"

सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. 

 घुशीला मात्र कळून चुकलं होतं. सकाळीच तिच्या कोठारात ओल आली होती, आणि घर सोडून बाहेर येताना तिने मागून पाण्याची खळखळही ऐकली होती. पण सांगायचं कसं? सांगितलं की घर जाणार. शिवाय हे सगळे तिला फाडून खाणार! पाझर आपोआप बुजेल, असं ती स्वतःला समजावत राहिली. अगदी खोटं होतं ते. तिलाही माहीत होतं.

आणि तेवढ्यात सशीण एका पिल्लाला तोंडात धरून बांध चढून आली. तिने पिल्लू घुशीच्या पुढच्या दारात ठेवलं.

"घूसताई, तुझं घर सगळ्यात उंच, सगळ्यात कोरडं. माझी पिल्लं तेवढी आत राहू देत. मी बाहेर भिजेन, माझं काही नाही," असं म्हणत ती पिल्लाला नाकाने आत ढकलू लागली.

"नको! आत नको!" घूस किंचाळली.

"अगं, तीन पिल्लांपुरतीसुद्धा जागा नाही तुझ्याकडे?" साळिंदराने काटे फुलवले. "शोभतं का तुला हे?"

"जागा आहे रे," घुशीला रडू फुटलं. "पण आत पाणी आलंय. माझंच मागचं दार आहे ते. करंजाच्या मुळांखाली, तळ्याकडे तोंड करून. मी सकाळपासून गप्प बसले. पिल्लू काढ गं बाई, आधी ते पिल्लू बाहेर काढ!"

सशिणीने पिल्लू ओढून घेतलं.  साळिंदर घुशीच्या अंगावर धावून जाणार, तोच पाणमांजर मध्ये पडलं. "भांडायचं ते नंतर! करंजाखाली ना? मी तळ्याकडून गड्डे कोंबतो. पण बोगदा आतूनही बुजवला पाहिजे, नाहीतर टिकायचं नाही."

"ते मलाच जमेल. आतले फाटे मला ठाऊक आहेत," घूस म्हणाली आणि कुणी काही बोलायच्या आत बिळात शिरली.

आत काळाकुट्ट अंधार होता. पाणी तिच्या गळ्याशी आलं. कोठाराच्या खालूनच मागचा बोगदा जात होता. कोठाराची जमीन फोडून छत पाडलं तर सगळी माती त्यात बसणार होती. ज्या पंजांनी तिने ते घर कोरलं होतं त्याच पंजांनी ती ते ओरबाडू लागली. आधी ढेकळं पडली, मग धान्य गेलं, आणि मग वरची माती धाडकन खाली आली. घूस मागे सरकली, पण मागचे पाय मातीत अडकले. तिने जिवाच्या आकांताने हिसका दिला, एकदा, दोनदा, आणि चिखलाने माखून कशीबशी बाहेर येऊन पडली. लगेच साळिंदर पुढे झालं आणि तिच्या पुढच्या दारातून दगड-माती ठासून भरू लागलं. पलीकडे पाणमांजर बुडी मारून गड्ड्यावर गड्डा कोंबत होतं. बाकीचे पायथ्याच्या पाझराकडे बघत होते.

पाझर बारीक झाला. मग हळूहळू नितळ झाला. बांध राहिला.

सशीण पिल्लांना पोटाशी घेऊन घुशीजवळ आली. "ताई, तू आत गेलीस म्हणून माझी पिल्लं आहेत," ती म्हणाली. "पण एक सांग. मी पिल्लू तुझ्या दारात आणलंच नसतं, तर तू बोलली असतीस का?"

घुशीने मान खाली घातली. 

कुणीतरी घसा खाकरला. बघतात तर साळिंदर! त्याचे काटे पार मिटले होते आणि तो मोठा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"माझंही एक दार आहे," ते पुटपुटलं. "पायथ्याच्या बिळातून बांध पोखरून काढलेलं, तळ्याकडेच. घुशीच्या दारापेक्षा हातभर वर. पाणी तिथवर पोचलं नाही, एवढंच."

आता सशीण त्याच्याकडे बघत राहिली. पाऊस अजून पडतच होता. पाणमांजराने त्या दारासाठी एक गड्डा उचलला, आणि घूस लंगडत उठून दुसरा उचलू लागली.

तात्पर्य : आपलं घर कोरडं राहिलं म्हणजे आपण वाचलो, असं होत नाही. ज्या बांधाच्या आधाराने सगळे राहतात, त्याला आपल्या हातून भोक पडलं असेल, तर ते पाणी चढायच्या आत सर्वांना सांगावं आणि सर्वांनी मिळून बुजवावं.