नूरबाबांचा डावा पाय

“जे नाहीच ते दुखतं कसं, सांगू का बाबा?” जयदीपनं विचारलं.

नूरबाबा दर्ग्याच्या पायरीवर बसलेले. म्हातारा फकीर, डावा पाय गुडघ्याखाली नाही. उसाच्या ट्रॉलीखाली गेला, त्यालाही वर्षं लोटली. पण गार वारं सुटलं, की नसलेला तळवा ठणकायचा. आताही तोंड कसनुसं झालं होतं.

“सांग बेटा.”

“पाय गेला. पण मेंदूत पायाची जागा आहे तशीच आहे. ती ओरडते, आणि तुम्हाला वाटतं पायच दुखतोय.”

“असं आहे होय. मग सांग की तिला, पाय गेला म्हणून.”

“सांगून ऐकत नाही ती.”

“मग एवढं शिकून काय झालं?”

पोरगं विद्यापीठात मेंदूचं शास्त्र शिकायला गेलेलं, पहिलंच वर्ष. येताना तोंडावर ऐट होती, ती उतरली. डोळ्यांखालचं काळं तेवढं दिसायला लागलं.

“तू काही माझ्या पायासाठी नाही आलास,” बाबा म्हणाले.

“...आई गेली, बाबा. दिवाळीत. अजून संध्याकाळ झाली की हात फोनकडे जातो. नंबर लावतो, मग आठवतं. असं का होतं ते पुस्तकात आहे, मला पाठ आहे. तरी पुढचं पान वाचवत नाही. एका पेपरात नापास झालो. सोमवारी तोच परत आहे. हे माझ्यातून काढून टाका, नाहीतर मी शिक्षण सोडतो. दमलो मी.”



बाबांनी थोटका पाय पुढे केला.

“तळवा चेप जरा.”

“कुठला?”

“जो नाही तो.”

“बाबा, तिथं काही नाही.”

“मला सांगतोस? दुखतोय. चेप.”

जयदीपनं इकडंतिकडं पाहिलं. समोरची फुलवाली हार ओवता ओवता बघत होती. उठून जावं असं त्याच्या मनात आलं, पण उठायचंही त्राण नव्हतं. तो पायरीखाली बसला. दोन्ही हात पुढे केले आणि रिकाम्या जागी अंगठे दाबायला लागला. आधी उगाच, लाजत. मग हळूहळू, नीट.

दाबता दाबता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हात थांबले नाहीत.

बाबांनी डोळे मिटले...

“जरा खाली,” ते म्हणाले.