उंबरठ्यावरचे पहिले पाणी

फार पूर्वी मेक्सिको देशात, निवडुंगांनी वेढलेल्या एका डोंगरगावात, एक कुंभारीण राहत असे. त्या गावी मातीकाम बायकांचे. चाक ठाऊक नव्हते. पालथ्या बशीवर दुसरी बशी ठेवून ती हाताने फिरवीत भांडे घडवायचे, अशी तिथली पद्धत. इतरजणी साधे घट करीत. ही मात्र घटाच्या गळ्याशी एका बाईचा चेहरा घडवी. लोक हसत. "नाक लावल्याने पाणी गोड होतं का गं?" असे विचारीत आणि तिला 'नाकवाली' म्हणत. हळूहळू तिचे खरे नाव गावाच्या विस्मरणात गेले.

गावाची आणखी एक रीत होती. भट्टीतून निघालेला घट पाण्याने भरून उंबरठ्यावर ठेवायचा. शेजारणींनी त्यातले पहिले पाणी प्यायचे, मगच तो विकायला न्यायचा. चिरलेला निघाला, तर फोडून त्याची पूड नव्या मातीत मिसळायची.

एके वर्षी दवंडी पिटली गेली की, राजधानीचे परीक्षक जत्रेला येऊन उत्तम कारागिराचा सन्मान करणार. कुंभारणीने जीव ओतून एक मोठा घट घडवला, गारगोटीने घासून आरशासारखा चकाकवला. जत्रेच्या आदल्या दिवशी तो काळाभोर होऊन भट्टीतून निघाला. चेहरा अप्रतिम उतरला होता. पण पाठीवर केसाएवढी चीर गेली होती.

घट पाहायला आलेला व्यापारी म्हणाला, "एवढंच ना, बाई? मेण भरा, वर काजळी चोळा. माझ्या घटांना मी हेच करतो. पाठ भिंतीकडे, तोंड लोकांकडे!"

तिने मेण भरले. चीर दिसेनाशी झाली, पाणीही ठरले. तरी घट उंबरठ्यावर ठेवण्यास तिचा हात धजेना.

इतक्यात शेजारीण भोपळ्याची वाटी घेऊन आली. "काय कोमाद्रे," जिवाभावाच्या शेजारणीला तिकडे अशीच हाक मारतात, "आज उंबरठा कोरडा कसा? का मोठ्या लोकांपुढे आमची तहान लहान झाली?"

तिच्या प्रत्येक घटाचे पहिले पाणी याच वाटीने प्यायले गेले होते. कुंभारणीने वाटीकडे पाहिले, घटाकडे पाहिले. "चिरलाय गं," ती म्हणाली, आणि तिने तो उचलून अंगणात आपटला.

दोघी खापऱ्या कुटायला बसल्या. सन्मान हातचा गेला होता, तरी छातीवरची धोंड उतरल्यासारखे तिला हायसे वाटले.

"आता जत्रेला काय नेशील?"

"चुलीजवळचा घट."

"तो? धुराने मळलेला?"

"मळलाय, पण गळत नाही."

जत्रेत व्यापारी तो घट पाहून पोट धरून हसला. परीक्षकांची गाडी मात्र वाटेत अडकली, ती भर दुपारी पोहोचली. तोवर ऊन तापले, व्यापाऱ्याच्या घटांतले मेण पाघळले आणि त्यांच्या पाठींवरून काजळीचे ओघळ वाहू लागले.

घसा कोरडा पडलेले वृद्ध परीक्षक कुंभारणीपाशी थांबले. तिने शेजारणीची वाटी घटातल्या पाण्याने भरून दिली. ते प्यायले, मग त्यांनी घट फिरवून त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि चेहरा बराच वेळ न्याहाळला.

"बाई, हा चेहरा कोणाचा?"

"माझ्या आईचा. तिच्याच हातचं पाणी प्यायल्यासारखं वाटावं, म्हणून."

"आणि तुमचं नाव?"

"गावात मला नाकवाली म्हणतात."

"एउलालिया!" गर्दीतून शेजारीण ओरडली. "नाव नीट सांग की गं, कोमाद्रे! एवढी माणसं ऐकतायत!"

परीक्षकांनी उत्तम कारागीर म्हणून ते नाव मोठ्याने पुकारले. मग हसणाऱ्यांनीही तेच पुकारले. एउलालिया घटात उरलेले पाणी त्याच वाटीने स्वतः प्यायली.

तात्पर्य: ज्या कामाचे पहिले पाणी आपल्या माणसांना निःशंक मनाने पाजता येते, तेच काम चव्हाट्यावर न्यावे; मग उन्हाचे भय उरत नाही.