तीन टक्के

"मग गुहेची किल्ली आज देणार ना, बुवा?"

श्रीरंगने तिसऱ्यांदा विचारलं. मठाची रीतच होती, ज्याचं मन निवलं त्यालाच वरच्या गुहेत एकांत. पुण्यातली इंजिनिअरकी सोडून श्रीरंग मठाच्या पोथ्या कॉम्प्युटरवर चढवायला आला, त्याला चार वर्षं झाली होती. रोज पहाटे ध्यानाला बसून पायांना मुंग्या आल्या होत्या. आणखी काय हवं?

"निवलं कशावरून?" भानुबुवांनी विचारलं.

"मी सारखं लक्ष ठेवून असतो. एक विचार हलला तरी मला कळतो."

बुवांनी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे बोट केलं. "आणि हा? हा कधी निवतो?"

श्रीरंग हरखला. हा तर त्याच्या हातचा मळ! प्रोसेसर किती राबतोय ते दाखवणारी खिडकी त्याने पडद्यावर उघडली. हिरवी रेघ उड्या मारत होती. चाळीस टक्के.

त्याने पोथ्या बंद केल्या, स्कॅनर बंद केला, इंटरनेट तोडलं. दहा... पाच... तीन.

तीनवर अडली ती अडलीच.

"शून्य कर की," बुवा म्हणाले.

"सगळं बंद केलंय, बुवा."

"मग राबतंय कोण?"

श्रीरंगने चालू कामांची यादी पाहिली आणि त्याचा हात माऊसवरच थांबला. सगळ्यात वर नाव होतं ते त्या बघणाऱ्या खिडकीचंच.

"ही... ही खिडकीच."

"मग मिट तिला."

"मिटली तर शून्य झालं हे कळणार कसं?"



प्रश्न तोंडातून निघाला आणि श्रीरंग चपापला. चार वर्षं आपण काय करत होतो, ते त्याला लख्ख दिसलं. त्याने खिडकी मिटली.

रेघ गेली. आकडा गेला. आतला पंखा हळूहळू मंदावला. खोलीत दुपारचं ऊन तेवढं उरलं, आणि ते इतकं सुंदर असतं हे त्याला आजवर ठाऊकच नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. किती वेळ गेला, देव जाणे.

मग त्याचं लक्ष गेलं. बुवांनी कनवटीची किल्ली सोडून त्याच्या पुढ्यात ठेवली होती.

"बुवा..." तो कुजबुजला, "शून्य झालं असेल का हो?"

बुवांनी किल्ली उचलली आणि पुन्हा कनवटीला खोचली.

"झालं होतं."