काऊच्या नावाचा घास

खूप मागे, जेव्हा पाखरांनाही राजाच्या दरबारात तक्रार घेऊन जाता येत असे, तेव्हा एका नदीकाठी लहानसं राज्य होतं.

राज्यात तसं सगळं बरं चाललं होतं. शेतं पिकत होती, शेजारचे राजे शांत होते. तरीही राजा आणि राणी अगदी टेकीला आले होते, आणि त्यांना टेकीला आणणारी होती त्यांची एवढीशी मुलगी. ती भाजी खात नसे.

भाजी म्हणजे कुठलीच भाजी. मेथी कडू, भेंडी बुळबुळीत, दोडका मऊ, वांगं काळं. भोपळा गोड असतो असं कुणी सांगितलं, तर ती म्हणे, "गोडच खायचंय तर गूळ द्या की."

उपाय काही कमी झाले नाहीत. आचाऱ्याने मेथी बारीक चिरून थालीपिठात लपवली. राजकन्येने थालीपीठ उजेडात धरलं आणि एकेक पान वेचून ताटाच्या काठावर ओळीने लावून ठेवलं. पालकाची हिरवी पुरी केली, तर म्हणाली, "हिला बरं वाटत नाहीये. हिला झोपू दे."

राजवैद्य आले. त्यांनी तिच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या. त्या फिकट होत्या. जिना चढताना ती मध्येच बसते, हेही त्यांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. मग कुठल्या पाल्यात काय गुण असतो, हे त्यांनी तिला सविस्तर समजावून सांगितलं. तिने सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाली, "मग तुम्हीच खा ना, वैद्यबुवा. केवढे वाळलात!"

पंडितांना बोलावलं. चव जिभेत असते की भाजीत, यावर त्यांची चर्चा रंगली. ती संपेपर्यंत भाजी गार झाली.

शेवटी राजाने दवंडी पिटवली: आजपासून राजकन्या भाजी खाईल. राजकन्येने खाल्ली नाहीच. उलट गावातल्या घराघरांत पोरं ताट सरकवून सांगू लागली, "राजकन्यासुद्धा खात नाही!"

राणी मात्र रोज मागच्या पडवीत, शेवग्याच्या झाडाशेजारी, तिला मांडीवर घेऊन बसे. ताटातली भाजी भाकरीच्या तुकड्यात धरून ती म्हणे, "हा घास काऊचा. हा घास चिऊचा. हा हम्माचा. हा माऊचा." प्रत्येक घासाला राजकन्येचे ओठ घट्ट मिटलेले असत. शेवटी राणी थकून जाई, साखरभाताचा घास उचले आणि म्हणे, "बरं बाई, हा माझ्या सोनुलीचा!" लगेच तोंड उघडे.

अशातच राजाची थोरली बहीण माहेरपणाला आली. तिने एक दिवस हा सोहळा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"वहिनी, तुमच्यानं हे होणार नाही. पोरीला माझ्याकडे पाठवा. माझी मुलं कडुलिंबाचा पाला चावून खातात आणि वर आणखी मागतात."

"भिऊन मागत असतील, वन्सं."

"का मागतात याच्याशी आपल्याला काय करायचंय? खातात ना?"

राजाही आता पार वैतागला होता. वैद्याचा गंभीर चेहरा त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. तो म्हणाला, "पौर्णिमेपर्यंत वाट पाहतो. तोवर हिने भाजी खाल्ली नाही, तर पालखी आत्याच्या गावी जाईल. मोठी होईपर्यंत ती तिथेच राहील."

त्या दिवशी राणी लेकीला भरवायला नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला आणि एक कावळा खिडकीतून आत येऊन थेट सिंहासनासमोर बसला.

"महाराज, मला न्याय हवाय."

"एवढंच राहिलं होतं," राजा म्हणाला. "बोल."

"पितृपक्षात तुम्ही मला हात जोडून बोलावता. मी जरा उशिरा आलो, तर रडकुंडीला येता. आणि एरवी? तुमच्या घरात रोज माझ्या नावाने घास उचलतात. हा घास काऊचा, हा घास काऊचा! मी समोर शेवग्यावर बसून ऐकतो. आजवर एक कण मिळालेला नाही. माझ्या नावावर काय वाटेल ते खपवता?"

दरबारात कुणाला हसू आवरेना. राजाला मात्र हसण्याचंही त्राण नव्हतं. "उद्या जेवणाच्या वेळी ये," तो म्हणाला. "तुझा घास तुला मिळेल. आता जा बाबा."

कावळ्याच्या पोटात गोष्ट राहते होय? दुसऱ्या दिवशी पडवीत कावळा आला, चिमणी आली, मांजर आलं, आणि गोठ्यातली गाय दोन पायऱ्या चढून अर्धी आत आली. त्या दिवशी कारल्याची भाजी होती.

राजाची आज्ञा होती, तेव्हा राणीने सगळ्यांचे घास सगळ्यांना दिले. चिमणीने भाकरीचा कण उचलला आणि उडाली. गाय स्वतःचा घास खाऊन थांबली नाही. तिने उरलेली भाजीही चाटूनपुसून संपवली. कावळ्याने कारलं चोचीत धरलं, खाली टाकलं आणि म्हणाला, "हे? एवढ्यासाठी मी दरबारात गेलो होतो?"

राजकन्या मात्र फार खुशीत होती. ती म्हणाली, "बरं झालं. ज्याचं त्याला मिळालं. मी रोज सांगत होते, पण कुणी ऐकतच नव्हतं."

"काय सांगत होतीस ग?" राणीने विचारलं.

"भाजी माझी नाहीच म्हणून! तूच म्हणतेस, हा काऊचा, हा चिऊचा. आणि दुसऱ्याच्या ताटातलं खायचं नाही, हेही तूच सांगतेस. मग मी कशी खाऊ?"

राणी तिच्याकडे बघतच राहिली. तिने आठवून पाहिलं. खरंच, भाजीचा एकही घास तिने आजवर लेकीच्या नावाने उचलला नव्हता. लेकीच्या नावाचा फक्त साखरभात होता.

"आई, आणि तुझा घास कुठला?"

"मी मागाहून जेवते ना."

"तेव्हा कारलं खातेस?"

राणी घाईघाईने पदर सावरू लागली. खांबाशी पाय चाटत बसलेलं मांजर म्हणालं, "खातात कसल्या! हळूच माझ्याकडे टाकतात. मीही खात नाही."

एरवी राणी रागावली असती. पण इतक्या दिवसांच्या वैतागाचं काय झालं कोण जाणे, ती एकदम हसत सुटली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने आचाऱ्याला आणखी भाजी आणायला सांगितली, ताट दोघींच्या मध्ये ठेवलं आणि कारल्याचा मोठा घास उचलला.

"हा घास आईचा," ती म्हणाली आणि तो तोंडात घातला.

राजकन्या तिच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत होती. "कसं आहे?"

"कडू."

त्या राजवाड्यात भाजीबद्दल कुणी खरं बोललं, ते बहुधा तेव्हाच पहिल्यांदा.

"खूप कडू?"

"खूप. पण मागून थोडा गूळ लागतो."

राजकन्येने विचार केला. "मग मला दे. पण माझा म्हणून दे."

"हा घास तुझा."

तिने तो खाल्ला. नाक मुरडलं, डोळे मिटले, खांदे वर केले, पण गिळला. "गूळ नाही लागला."

"मलाही पहिल्या घासाला नव्हता लागला."

म्हणून तिने दुसरा खाल्ला.

तेव्हापासून तिला भाज्या आवडू लागल्या, असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. ती कुरकुरतच खाई. पण खाई, कारण समोर आई तीच भाजी तसंच तोंड करून खात असे.

पौर्णिमेला दारात पालखी येऊन उभी राहिली. आत्याबाई पंगतीला येऊन बसल्या. ताटांत दोडका होता आणि कोपऱ्यात, मुद्दाम केलेलं, कारलंही होतं. राजकन्येने दोन्हींचे घास खाल्ले. मग तिने आणखी एक घास केला आणि हात आत्याच्या तोंडापाशी नेला.

"हा घास आत्याबाईंचा."

आत्याबाईंनी कारल्याकडे पाहिलं. मग त्या घाईने म्हणाल्या, "अगबाई, विसरलेच! आज माझा उपास."

खांबाशी बसलेल्या मांजराने नुसती शेपटी हलवली. राजाने बहिणीकडे पाहिलं, लेकीच्या रिकाम्या ताटाकडे पाहिलं आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा पोटभर हसला. पालखी आत्याच्या गावी गेली खरी, पण तिच्यात आत्याबाई एकट्याच होत्या.

पुढचा पाऊसकाळ सरता सरता राजकन्या न थांबता जिना चढू लागली. त्या राज्यात मग एक रीत पडली. काऊचा घास म्हटलं की तो खरोखर कुंपणावर नेऊन ठेवायचा, आणि ताटात उरेल ते मुलाचं, मुलाच्याच नावाने, मोठ्यांनी शेजारी बसून तेच खात खात द्यायचं. राजालाही त्यामुळे भेंडी खावी लागली. त्याबद्दल तो कधीच काही बोलला नाही.

बोध एवढाच: दुसऱ्याच्या नावाने भरवलेला घास अंगी लागत नाही, मुलाचा घास मुलाच्या नावाने द्यावा, आणि आधी आपला आपण खाऊन दाखवावा.