दहावा ग्रह

राजा भानुसेनाला ग्रह व्हायचं होतं! राज्य होतं, हत्ती होते, जांभई दिली तरी चुटक्या वाजवणारे दरबारी होते. पण ग्रहेश्वराच्या जुन्या देवळात त्याने एक गोष्ट पाहिली आणि त्याचं डोकं फिरलं. गाभाऱ्यातल्या महादेवाची लोक बेलाच्या एका पानावर बोळवण करत, आणि बाहेर ओट्यावरच्या शनीला मात्र लोटीभर तेल, काळे उडीद, वर नवं वस्त्र! भक्तीपेक्षा भीतीचं पीक मोठं, हे राजाला तिथल्या तिथे कळलं. असल्या गोष्टी त्याला लवकर कळत.

दरबारचे ज्योतिषी दाजीशास्त्री यांनी त्याच दिवशी पोथीतून दहावा ग्रह शोधून काढला. राजाने मागितला असता तर अकरावाही काढला असता. राजाची मूर्ती घडली, तिच्यासाठी जांभळा रेशमी शेला विणला गेला. पण ओटा नऊ ग्रहांनी भरलेला. दहाव्याला तिळाएवढी जागा नव्हती. शास्त्रीबुवांनी ते लोढणं देवळाच्या चिमाजी गुरवाच्या गळ्यात बांधलं. शनिवारी स्थापना करायची. एकही ग्रह हलवायचा नाही, ओटा वाढवायचा नाही, महाराजांना कुणाच्या मागे बसवायचं नाही. जमलं नाही तर पिढ्यांची पूजा गेली आणि देवळामागचं घरही गेलं.

चिमाजीने अन्न सोडलं. त्याची लेक येसू मात्र पोटभर जेवली आणि म्हणाली, "बाबा, शनिवारी मी बोलते."

शनिवारी राजा धाकट्या भावाला आणि सगळ्या लवाजम्याला घेऊन आला. येसूने वाकून नमस्कार केला.

"जागेचं मी बघते, महाराज. आधी एक मुहूर्त सांगावा."

"स्थापनेचा ना? तो शास्त्रीबुवांनी काढलाय."

"तो नाही. आपण सिंहासनावरून उठणार, तो."

दरबारी गारठले. येसू म्हणाली, "ग्रह एका घरात ठाण मांडून बसत नाही, महाराज. सूर्य महिन्यात उठतो. ज्याच्या नावानं सगळे बोटं मोडतात, तो शनीसुद्धा अडीच वर्षांत घर सोडतो. ग्रह व्हायचं तर उठावं लागतं. खोटं वाटलं तर शास्त्रीबुवांना विचारा."

शास्त्रीबुवांनी पंचांगात तोंड खुपसलं. नाही म्हणावं तर ज्योतिष बुडतं, हो म्हणावं तर मान जाते! तेवढ्यात धाकट्या भावाने हळूच पगडी सावरली. ते मात्र राजाने नेमकं पाहिलं. ग्रह व्हायची हौस तिथेच फिटली.

"मग या मूर्तीचं काय करायचं?" त्याने घसा खाकरून विचारलं.

"देवळाच्या दाराशी उभी करावी," येसू म्हणाली. "महादेवाच्या द्वारपालाला ऊठ म्हणायची कुणाची छाती नाही!"

राजाने एकदा भावाकडे पाहिलं, एकदा येसूकडे, आणि मग पोट धरधरून हसला. पूजा आणि घर त्याने चिमाजीला कायमचं इनाम दिलं. जांभळा शेला येसूला मिळाला. तो नीट घडी घालून तिच्या हातात द्यायचं काम दाजीशास्त्र्यांकडे आलं.